इंग्लंडमध्ये घटस्फोट आणि मुलांची केस: आपल्याच भागातली फॅमिली लॉ फर्म कशी शोधायची आणि तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं

इंग्लंड-वेल्समधल्या मराठी घरात संसार मोडायची वेळ आली की पहिला फोन जातो भारतात, मामांच्या ओळखीतल्या वकिलाला, आणि दुसरा जातो लंडनच्या एखाद्या मोठ्या नावाच्या फर्मला, कारण सर्च केलं की तीच वर दिसते. या दोन फोनमध्ये बरेच पैसे आणि बरेच आठवडे जातात. घटस्फोटाचा अर्ज तर ऑनलाइनच होतो, पण मुलांची केस बहुतेक वेळा मूल जिथं राहतं त्या भागातल्या फॅमिली कोर्टात चालते. तुम्ही लेस्टरला असा, रीडिंगला, लीड्सला नाहीतर कार्डिफला, त्या कोर्टात आठवड्यातून दोनदा उभे राहणारे सॉलिसिटर तुमच्याच भागात ऑफिस थाटून बसलेले असतात. त्यांच्यातला आपल्याला चालेल असा कसा निवडायचा, त्याच्याकडे काय घेऊन जायचं आणि कुठल्या कामाचे पैसे त्याला द्यायचे नाहीत, हे सगळं इथं सांगते. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचा कायदा वेगळा आहे, तिथं राहणाऱ्यांनी यातलं कोर्टाचं काही धरू नये.

वकिलाच्याही आधी

घरात मारहाण, धमक्या, पैसे अडवणं, पासपोर्ट काढून घेणं असलं काही चालू असेल तर फर्मची तुलना वगैरे नंतर. जिवाला धोका असेल तर ९९९. नाहीतर नॅशनल डोमेस्टिक ॲब्यूज हेल्पलाइन, ०८०८ २००० २४७, ही फुकट आहे आणि चोवीस तास चालू असते. नॉन-मोलेस्टेशन ऑर्डर नावाचा, त्रास द्यायला मनाई करणारा आदेश कोर्टाकडून मिळतो, त्याला कोर्ट फी नाही, आणि धोका तसा असेल तर समोरच्याला आधी न कळवताही तो मिळू शकतो. अत्याचाराचा पुरावा असेल (जीपीचं पत्र, पोलिसांची नोंद, सपोर्ट संस्थेचं पत्र असलं काही) आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर लीगल एड, म्हणजे वकिलाच्या खर्चाला सरकारी मदत, मिळू शकतं. २०१३ पासून साध्या घटस्फोटासाठी किंवा मुलांच्या वादासाठी लीगल एड जवळपास बंदच आहे, पण अत्याचाराच्या केसमध्ये अजून मिळतं, म्हणून हे लपवून ठेवू नका, "घरातली गोष्ट बाहेर कशाला" म्हणून गप्प बसलेल्या बायका या एका कारणाने हजारो पाउंडांच्या मदतीला मुकतात. सगळ्या फर्म लीगल एडची कामं घेत नाहीत, त्यामुळे फोन केल्याकेल्या हाच प्रश्न पहिला विचारायचा.

व्हिसा जोडीदारावर अवलंबून असेल तर इमिग्रेशनचा सल्ला वेगळा घ्या, आणि घटस्फोटाचं पाऊल उचलायच्या आधी घ्या. फॅमिली सॉलिसिटरला इमिग्रेशन येतंच असं नाही. अत्याचारामुळे नातं तुटलं असेल तर पार्टनर व्हिसावरच्या माणसाला वेगळा मार्ग आहे, आणि २०२४ पासून वर्क आणि स्टुडंट व्हिसावाल्यांच्या पार्टनरनाही थोड्या काळाची सवलत मागता येते, हे आपल्या आयटीवाल्या डिपेंडंट मुलींना कुणी सांगतच नाही.

इथं करायचा की भारतात?

लग्न नाशिकला झालं म्हणून घटस्फोट नाशिकलाच घ्यावा लागतो असं काही नाही. दोघांपैकी एकाचं जरी इथं पक्कं राहणं असेल तरी इथलं कोर्ट केस घेऊ शकतं, नेमके निकष सॉलिसिटर तपासतो. खरी मेख आहे ती इथला घटस्फोट भारतात चालेल का याची. ६ एप्रिल २०२२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कारण न देता घटस्फोट मिळतो, नातं मोडलंय एवढं लिहिलं की पुरतं. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये मात्र "नातं पार मोडलंय" हे कारणच नाहीये. आणि भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९९१ साली सांगून ठेवलंय की परदेशी कोर्टाचा घटस्फोट मानायचा तर तो ज्या कायद्याने लग्न झालं त्यातल्या कारणावर हवा, नाहीतर समोरच्याने स्वतःहून ते कोर्ट मान्य करून संमती दिलेली हवी. म्हणजे कसं, एकट्याने इथं अर्ज केला, समोरचा पुण्यात बसून गप्प राहिला, तर इथं तुम्ही घटस्फोटित आणि तिथं अजून विवाहित अशी त्रिशंकू अवस्था होऊ शकते. दोघं राजी असाल तर जोडीने अर्ज करणं, आणि भारतात पुन्हा लग्न करायचा विचार असेल किंवा तिथं प्रॉपर्टी असेल तर तिथल्या वकिलाचं लेखी मत घेऊन ठेवणं, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

उलटही होतं. भारतात हिंदू विवाह कायद्याच्या तेरा-बी कलमाखाली संमतीने घटस्फोट झाला आणि पैशांचं काहीच ठरलं नाही, तर इथल्या कोर्टाची परवानगी काढून इथं आर्थिक दावा करता येतो, मॅट्रिमोनिअल अँड फॅमिली प्रोसीडिंग्ज ॲक्ट १९८४ च्या पार्ट थ्रीमध्ये तशी सोय आहे. तुम्हाला असा दावा करायचा असो की तुमच्यावर झालेला असो, सॉलिसिटरला विचारायचं ते थेट: "पार्ट थ्रीची कामं केलीत का?"

फर्म शोधायची कुठे

लॉ सोसायटीच्या साइटवर "फाइंड अ सॉलिसिटर" आहे, तिथं पोस्टकोड आणि "फॅमिली" टाकलं की यादी येते. दुसरी यादी रिझोल्यूशन या संस्थेची, ती १९८२ साली सुरू झाली, तिचे सदस्य वाद न चिघळवता काम करायची आचारसंहिता पाळायचं कबूल करतात. मी तर यापासूनच सुरुवात करा म्हणेन. तिसरं म्हणजे लीगल ५०० आणि चेंबर्स या डिरेक्टऱ्या, यात ईस्ट मिडलंड्स, यॉर्कशायर, साउथ वेस्ट असे भाग पाडून फर्मचे नंबर लावलेले असतात आणि त्या फुकट वाचता येतात. पण तिथं बहुतेक मोठ्या फर्म दिसतात, दोन-तीन वकिलांच्या चांगल्या फर्म त्या फंदात पडतच नाहीत, तेव्हा यादीत नाव नाही म्हणून कुणाला बाद करू नका. ज्यांच्याकडे जायचं ठरेल त्यांचा एसआरए नंबर मात्र एसआरएच्या (सॉलिसिटरवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) रजिस्टरवर टाकून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे.

नावापुढच्या पदव्यांचा अर्थ नीट लावा. लॉ सोसायटीचं "चिल्ड्रन लॉ" ॲक्रेडिटेशन असेल तर तो माणूस बहुधा काउन्सिल मुलांना ताब्यात घेते त्या केसेसमध्ये मुरलेला असतो. सोशल सर्व्हिसेस तुमच्या दारात आल्या असतील तर नेमका तोच हवा. आईबाबांमधल्या वादासाठी मात्र रिझोल्यूशनचा ॲक्रेडिटेड स्पेशालिस्ट, आणि त्यातही मुलांच्या खाजगी वादांचा, असा शोधा. पैशांचा वाद मोठा असेल, कंपनीचे शेअर्स, दोन-तीन घरं, भारतातली जमीन, तर आर्थिक विषयाचा स्पेशालिस्ट. एकाच फर्ममध्ये दोघंही असू शकतात, पण तुमची फाइल कुणाच्या टेबलावर जाणार हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि एक गोष्ट, गाव लहान असेल तर जोडीदार आधीच त्या फर्ममध्ये जाऊन आलेला असू शकतो. तसं असेल तर ती फर्म तुमचं काम घेऊ शकत नाही, म्हणून ते पहिल्याच फोनवर दोघांची नावं विचारतात. नाव तपासून "हो, घेऊ शकतो" म्हणेपर्यंत पूर्ण कहाणी सांगत बसू नका. दोघांमध्ये बोलणं शिल्लक असेल तर हल्ली काही फर्म दोघांना मिळून एकच वकील देतात, दोघांना एकत्र सल्ला, खर्चही कमी. जिथं एक जण दुसऱ्याला घाबरतो तिथं मात्र हे अजिबात नको.

लंडन की आपला भाग, हा प्रश्न पैशांवर येतोच. कोर्ट खर्च ठरवताना काही गाइडलाइन दर धरतं, २०२५ साली आठ वर्षांवर अनुभव असलेल्या सॉलिसिटरचा हा दर मध्य लंडनमध्ये साधारण कामांसाठी तासाला ४१३ पाउंड होता, लंडनबाहेर २८२ ते २८८. प्रत्यक्षात फर्म याहून कमी-जास्त लावतात, पण फरक कुठल्या दिशेला आणि किती आहे ते कळतं. लंडनची फर्म खरंच लागते ती एखाद्या वेळी, जसं की मूल देशाबाहेर नेलं गेलंय आणि हायकोर्टात जायचंय. बाकीच्यांना आपल्या भागातल्या कोर्टाची रीत माहीत असलेला स्थानिक माणूस बरा. रीत म्हणजे काय, तर उदाहरणार्थ डॉर्सेट आणि नॉर्थ वेल्सला २०२२ पासून आणि बर्मिंगहॅमला २०२४ पासून मुलांच्या केसेस पाथफाइंडर नावाच्या वेगळ्या पद्धतीने चालतात, तिथं मुलाबद्दलचा रिपोर्ट सुरुवातीलाच तयार होतो, पहिल्या तारखेच्या आधी. आपल्या कोर्टात यातलं काय चालतं हे तिथला वकील झोपेत सांगेल.

पहिली भेट

काही फर्म पहिला अर्धा तास फुकट देतात, काही ठरावीक फी घेऊन तासभर बसतात. मला दुसरं परवडलं असं वाटतं, कारण फुकटच्या अर्ध्या तासात बहुतेक वेळा फर्मची ओळखच होते. पण फुकट असो की पैसे देऊन, तो वेळ रडण्यात किंवा सासूची कहाणी सांगण्यात गेला की संपला. हे मी कठोरपणे म्हणत नाहीये, मन मोकळं करायला मैत्रीण, काउन्सेलर, जीपी कुणीही चालेल, वकिलाचं घड्याळ मात्र चालू असतं. म्हणून एक पान टाइप करून आधीच ईमेल करा. साधारण असं:

"लग्न फेब्रुवारी २०१४, नाशिक, रजिस्टर झालंय. इंग्लंडला आलो २०१६. मुलगी २०१७ ची, दुसरीत, पासपोर्ट भारतीय, माझ्याकडे आहे. घर दोघांच्या नावावर, मॉर्गेज चालू. डिपॉझिटमधले काही पैसे माझ्या वडिलांनी दिले, कागद नाही. नवऱ्याचं पेन्शन आहे, माझं थोडं. पुण्यात फ्लॅट, त्याच्या आणि सासऱ्यांच्या नावावर. तो मार्चपासून वेगळा राहतो. मुलगी दर शनिवारी त्याच्याकडे जाते. मला भीती: सुट्टीत भारतात नेऊन परत आणणार नाही. मला हवंय: शाळा बदलू नये, घर शक्य तर ठेवावं."

एवढ्यावर चांगला वकील पाच मिनिटांत कामाला लागतो. सोबत पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि लग्नाचं सर्टिफिकेट न्या. ते फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल, सुट्टीत भारतात जाणारं कुणी असेल तर आत्ताच त्याला नवीन प्रत काढून आणायला सांगा.

मग तुम्ही विचारायचं. रोजचं काम कोण करणार, तुम्ही की ज्युनिअर? आमच्या कोर्टात शेवटची मुलांची केस कधी चालवली? भारतातली प्रॉपर्टी असलेल्या केसेस केल्यात का? टप्प्याटप्प्याचा अंदाजे खर्च लेखी द्याल का? ईमेलला उत्तर किती दिवसांत? मला स्वतःला काय काय करता येईल म्हणजे बिल कमी होईल? या शेवटच्या प्रश्नावर जो माणूस मोकळेपणाने उत्तर देतो तो ठेवण्यासारखा. आणि जो पहिल्याच भेटीत "त्याला आपण सोडायचा नाही" अशा थाटात बोलतो, त्याच्याकडून उठून या. त्या क्षणी ऐकायला फार बरं वाटतं, मला माहितीये, पण त्या भाषेतली पत्रं पुढं जजसमोर जातात, आणि त्या पत्रांना आलेल्या तसल्याच उत्तरांचे पैसेसुद्धा तुम्हीच भरता.

बिल वाचायला शिका

फॅमिलीच्या कामाचे दर वेबसाइटवर टाकायची सक्ती नाही. घरखरेदीसारख्या काही कामांना ती आहे, याला नाही, म्हणून विचारावंच लागतं. नेमणुकीचं पत्र येतं, क्लायंट केअर लेटर, ते शेवटच्या पानापर्यंत वाचा. वेळ सहा-सहा मिनिटांच्या युनिटमध्ये मोजतात. तासाला २५० पाउंड दर असेल तर एक युनिट २५ पाउंड, त्यावर २० टक्के व्हॅट, झाले ३०. म्हणजे रात्री अकराला "आणि हो, अजून एक" म्हणून पाठवलेला दोन ओळींचा ईमेलसुद्धा वाचला की ३० पाउंड, उत्तर दिलं की आणखी ३०. दिवसभरात सुचलेलं एका जागी लिहून ठेवा आणि आठवड्याला एकच ईमेल पाठवा, नंबर टाकून. फोटो, स्क्रीनशॉट सुटे पाठवू नका, तारखेप्रमाणे लावून एक पीडीएफ करून द्या, नाहीतर ते लावायचे पैसे ज्युनिअर घेईल.

सगळं काम फर्मला द्यायलाच हवं असंही नाही. फक्त फॉर्म तपासून घेणं, फक्त एका तारखेला उभं राहणं असं तुकड्यातुकड्याने काम देता येतं, बऱ्याच फर्म करतात, काही करत नाहीत. आणि जिंकलो तर समोरच्याकडून खर्च वसूल होईल ही आशा सोडा. मुलांच्या केसमध्ये आणि बहुतेक आर्थिक केसमध्येही आपला खर्च आपणच सोसायचा असतो.

घटस्फोटाचा अर्ज, हा सोपा भाग

लग्नाला वर्ष झालं की ऑनलाइन अर्ज, फी एप्रिल २०२५ पासून ६१२ पाउंड, उत्पन्न कमी असेल तर सूट. समोरच्याला १४ दिवसांत पोच द्यायची असते. कोर्टाने अर्ज नोंदवल्यापासून २० आठवड्यांनी कंडिशनल ऑर्डर (घटस्फोट द्यायला हरकत नाही असं सांगणारी) मागायची, त्यानंतर ६ आठवड्यांनी फायनल ऑर्डर, तिने घटस्फोट पूर्ण होतो. सगळं नीट झालं तरी सहा महिने जातातच, कुठलीही फर्म हे लवकर करून देऊ शकत नाही. अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता. "तो सही देत नाहीये" या भीतीत अडकू नका, कारण आता त्याच्या नकाराने घटस्फोट थांबत नाही, आक्षेप घेता येतो तो कोर्टाचा अधिकार आहे का, लग्न वैध होतं का असल्या मोजक्या मुद्द्यांवरच.

पैसे, आणि भारतातलं सगळं

फायनल ऑर्डर आली म्हणजे पैशांचे हक्क संपले असं होत नाही, त्यासाठी वेगळी फायनान्शियल ऑर्डर लागते. तडजोड झाली असेल तर कन्सेंट ऑर्डर. ती कोर्टाने मंजूर केल्याशिवाय फायनल ऑर्डर मागू नका असं बहुतेक वकील सांगतात, आणि पेन्शन मोठं असेल तर ते फारच खरं आहे, कारण मधल्या काळात जोडीदार गेला तर विधवा किंवा विधुर म्हणून मिळणारं पेन्शन हातचं जातं. पुन्हा लग्न करणाऱ्याने तर आधी दावा दाखल केला नसेल तर जवळपास सगळेच दावे गमावले म्हणून समजा.

घर फक्त जोडीदाराच्या नावावर असेल तर लँड रजिस्ट्रीमध्ये होम राइट्सची, म्हणजे घरात राहायच्या हक्काची, नोंद लगेच करा. तिला फी नाही, फॉर्म छोटा आहे, आणि नोंद असली की तुमच्या नकळत घर विकणं किंवा त्यावर कर्ज काढणं अवघड होतं.

मग येतो फॉर्म ई. जाडजूड आहे, यात दोघांनीही जगभरातलं सगळं लिहायचं: १२ महिन्यांची बँक स्टेटमेंट, पेन्शनचं मूल्य, घराची किंमत, आणि भारतातली खाती, एफडी, पीपीएफ, फ्लॅट, गावची जमीन, एकत्र कुटुंबातला हिस्सा. "भारतातलं कुणाला कळणार" हा विचार महागात पडतो. लपवलेलं बाहेर आलं की झालेली ऑर्डरसुद्धा उघडली जाऊ शकते आणि जजचा तुमच्या बाकी बोलण्यावरचा विश्वास उडतो. सोनं सुद्धा: ५०० पाउंडांहून जास्त किमतीची वस्तू वेगळी लिहायची असते, म्हणजे बांगड्या, तोडे, मंगळसूत्र सगळं. लग्नातले फोटो आणि सराफाच्या पावत्या शोधून ठेवा, दागिने कुणाच्या लॉकरमध्ये आहेत यावरून आपल्याकडच्या केसेसमध्ये हमखास जुंपते.

आईवडिलांनी डिपॉझिटला दिलेले पैसे हा दुसरा हमखास वाद. एक म्हणतो कर्ज होतं, दुसरा म्हणतो भेट होती. कागद नाही, हप्ता कधी फेडला नाही, वडिलांनी कधी मागितले नाहीत, असं असेल तर कोर्ट त्याला सॉफ्ट लोन, म्हणजे फेडायचा तगादा नसलेलं कर्ज, समजतं आणि फारसं धरत नाही. आता मागच्या तारखेचा कागद बनवायचा मोह कुणी करू नये, तो खोटा पुरावा होतो.

जोडीदाराचा पासवर्ड टाकून त्याच्या ईमेलमधून कागद काढू नका. इथली कोर्टं ते खपवून घेत नाहीत, वकिलालाही ते वापरता येत नाहीत. संशय काय आहे तो लिहून वकिलाला द्या, तो नीट प्रश्नावली पाठवून तेच मागवेल.

कोर्टात गेलात तरी मधे एफडीआर नावाची तारीख असते, त्यात जज दोन्ही बाजू ऐकून निकाल साधारण कसा लागेल ते सांगतो, आणि तडजोड झाली नाही तर तो जज पुढची केस ऐकत नाही. या दिवशी बऱ्याच केसेस मिटतात. तेव्हा खर्च करायचाच तर या दिवसासाठी चांगला बॅरिस्टर (कोर्टात बाजू मांडणारा वकील) घ्यायला करा.

मुलं

इथं कस्टडी असा शब्द कोर्ट वापरत नाही, २०१४ पासून चाइल्ड अरेंजमेंट्स ऑर्डर असते: मूल कुणाकडे राहील, कुणाला कधी भेटेल. लग्नाचे आईबाप असाल तर पालकत्वाची जबाबदारी दोघांकडे कायम राहते, घटस्फोटाने ती जात नाही. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टनुसार मुलाचं हित सगळ्यात वर, तुमच्यात कोण बरोबर कोण चूक ते नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धी पत्रं लिहावीच लागत नाहीत.

कोर्टात जाण्याआधी मायॅम नावाची मीडिएटरची (मध्यस्थाची) भेट घ्यावी लागते, अत्याचारासारख्या कारणांना सूट आहे. मुलांच्या प्रश्नावर मीडिएशन केलं तर सरकारकडून कुटुंबाला ५०० पाउंडपर्यंत व्हाउचर मिळतं. तिथं जाताना मोघम बोलू नका, कागदावर वेळापत्रक न्या. "एक आड एक वीकेंड, शुक्रवारी शाळा सुटल्यापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत, बुधवारी जेवण बाबांकडे, दिवाळी एक वर्ष आईकडे, एक वर्ष बाबांकडे, दुसऱ्याला त्याच आठवड्यात एक पूर्ण दिवस, भारतातल्या आजीआजोबांशी रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल, मराठी शाळा चालू." असं लिहून नेलेल्यांचं पटकन ठरतं. आपले सण या वेळापत्रकात पहिल्याच फटक्यात लिहून घ्या, इंग्लिश वकिलाला ख्रिसमस आणि ईस्टर सुचतो, गणपती कसा सुचणार.

नाही जमलं तर कोर्टात अर्ज, त्याचा सी१०० फॉर्म. मग मुलांच्या हिताबद्दल कोर्टाला सल्ला देणारी संस्था कॅफकास, वेल्समध्ये कॅफकास कमरी, पोलीस आणि सोशल सर्व्हिसेसकडच्या नोंदी बघते, दोघांना फोन करते आणि पहिल्या तारखेआधी कोर्टाला पत्र देते. तो फोन मनावर घ्या, बाजारात उभं राहून घेऊ नका. मुद्दे वाढले तर सेक्शन सेव्हन रिपोर्ट, म्हणजे मुलाच्या हिताबद्दलचा सविस्तर अहवाल, होतो, त्यात अधिकारी मुलाशीही बोलतो. मुलाला उत्तरं पढवू नका, त्याचं बोलणं रेकॉर्ड करू नका. अधिकाऱ्यांना पढवलेलं मूल ओळखू येतं, आणि त्या लेकरावर तो भार कशाला.

इंग्रजीत बोलताना अडखळत असाल तर मुलांच्या आणि अत्याचाराच्या केसेसमध्ये कोर्ट दुभाष्या देतं, आधी मागावा लागतो. मराठी दुभाष्या असं स्पष्ट लिहा, नाहीतर "इंडियन" म्हणून हिंदीवाला येतो आणि ऐन साक्षीत तुमची वाक्यं अर्धीच पोचतात.

मुलांच्या खर्चाची पोटगी ठरवायची तर चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस आहे, तिला वकील लागत नाही. देणाऱ्याच्या आठवड्याच्या ८०० पाउंड ग्रॉस उत्पन्नापर्यंत एका मुलाला १२ टक्के, दोघांना १६, तीन किंवा जास्त असतील तर १९, आणि मूल वर्षातल्या ५२ किंवा जास्त रात्री देणाऱ्याकडे राहत असेल तर कमी होते. देणारा भारतात परत गेला असेल तर मात्र ही सर्व्हिस सहसा चालत नाही, मग कोर्टाकडे जावं लागतं.

मुलाला भारतात नेणं

हा आपल्या लोकांचा सगळ्यात नाजूक मुद्दा आणि इथंच फर्म नीट निवडलेली उपयोगी पडते. पालकत्वाची जबाबदारी असलेल्या दुसऱ्या माणसाची संमती किंवा कोर्टाची परवानगी नसताना मुलाला देशाबाहेर नेणं हा १९८४ च्या चाइल्ड ॲब्डक्शन ॲक्टने गुन्हा आहे, आईनेही आणि बापानेही. मूल तुमच्याकडे राहतं अशी ऑर्डर असेल तर महिन्याहून कमी काळासाठी संमतीशिवाय नेता येतं. तरी लेखी संमती घ्या, तारखा, परतीचं तिकीट, तिथला पत्ता, फोन नंबर घालून, व्हॉट्सॲपवर नुसता "ओके" नको.

पळवून नेलेली मुलं परत करण्याबद्दलचा १९८० चा हेग करार भारताने केलेला नाही. त्यामुळे मूल तिथं अडकवलं गेलं तर परत आणायची ठरलेली, झटपट वाट नाही. भारताच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ साली इंग्लंडहून नेलेल्या एका मुलीच्या केसमध्ये स्पष्ट केलं की परदेशी कोर्टाची ऑर्डर हा एक विचारात घ्यायचा मुद्दा आहे, पण तिथलं कोर्ट मुलाचं हित स्वतः तपासेल. म्हणून भीती खरी असेल तर आधीच हालचाल करायची: प्रोहिबिटेड स्टेप्स ऑर्डर (मुलाला नेऊ नका अशी कोर्टाची मनाई), पासपोर्ट सॉलिसिटरकडे ठेवणं, आणि एक-दोन दिवसांत नेणार असं दिसत असेल तर पोलिसांना पोर्ट अलर्टसाठी (विमानतळावर, बंदरावर अडवण्यासाठी) फोन. रीयुनाइट ही याच कामाची संस्था लेस्टरमध्ये आहे, तिची सल्ला लाइन आहे, तिथून अशा केसेस करणाऱ्या वकिलांबद्दलही विचारता येतं.

आणि दुसऱ्या बाजूने, ज्याला खरंच आजारी आईला भेटायला मुलाला न्यायचंय त्याच्यासाठी: नुसतं "मी परत येणारच" कोर्टाला पुरत नाही. शाळेचं पत्र, नोकरीचं पत्र, परतीची तिकिटं, गरज पडली तर काही रक्कम कोर्टाकडे किंवा वकिलाकडे ठेवायची तयारी, हे अर्जासोबतच द्या. सुट्टीच्या तीन-चार महिने आधी मागा. जुलैत अर्ज करून ऑगस्टचं विमान मिळत नाही.

फर्मशी पटलं नाही तर

आधी फर्मकडे लेखी तक्रार करा, आठ आठवडे द्या, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लीगल ओंबड्समन, तो फुकट आहे. वकील मधेच बदलता येतो, पण बिल थकलं असेल तर जुनी फर्म फाइल अडवून ठेवू शकते, तेव्हा शेवटच्या तारखेच्या तोंडावर बदलू नका. आणि तक्रार करण्याआधी एकदा फोनवर बोला, पुष्कळदा ज्युनिअर सुट्टीवर असतो आणि पार्टनरला माहीतच नसतं.

सगळं आटोपलं की फायनल ऑर्डर आणि फायनान्शियल ऑर्डरच्या प्रमाणित प्रती काढून घ्या, भारतात बँकेपासून पासपोर्ट ऑफिसपर्यंत सगळे मूळ मागतात. इथलं मृत्युपत्र नव्याने करा, पेन्शनवरचं नाव बदला. एफडी, पीपीएफ, एलआयसीवरचं नॉमिनेशन घटस्फोटाने आपोआप बदलत नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळा फॉर्म भरावा लागतो. जोडीदार म्हणून ओसीआय कार्ड मिळालं असेल तर ते रद्द होऊ शकतं, म्हणून पुढचं भारताचं तिकीट काढण्याआधी हाय कमिशनला ईमेल करून विचारून घ्या.